खिडकी फुटलीय, दाराची चौकट फाटलीय. काचवाला येईपर्यंत काय ठोकू?

रात्रपाळी (धागाकर्ता) | शनिवार, सकाळी ६:४०

रात्रीच्या वादळात कुणाच्या तरी छपराचा पत्रा उडत आला आणि आमच्या हॉलच्या खिडकीवर आदळला. स्लायडिंगची दोन्ही तावदानं गेली, अ‍ॅल्युमिनियमची खालची पट्टी मधोमध वाकली. काच फुटली आणि पुढच्याच क्षणी घराचं मागचं दार धाडकन बाहेर उघडलं. कडी लावलेली होती! कोयंडा चौकटीच्या लाकडाची ढलपी सोबत घेऊनच निघाला.

मग ताडपत्री आणि खाकी टेप. ओल्या भिंतीला टेप चिकटत नाही हे ज्ञान दीड वाजता प्राप्त झालं. तीन वाजता ताडपत्री शिडासारखी फुगली आणि निघून गेली, कुठे ते अजून कळलेलं नाही. सध्या खिडकीत गादी उभी केलीय, गादीला कपाट टेकवलंय आणि दाराला जेवणाचं टेबल.

तळमजला, विटांची भिंत. खिडकी ५ फूट रुंद, साडेतीन फूट उंच, ग्रिल नाही. काच टफन्ड आहे, मापावर बनवून आणावी लागेल, आठ-दहा दिवस लागतील असं काचवाला म्हणतो. आणखी दोन दिवस वाऱ्यापावसाचा इशारा आहे. घरी आई आणि सहा वर्षांची मुलगी. माझ्याकडे ड्रिल आहे आणि ते मला वापरता येतं असा माझा समज आहे.

काय ठोकू, कशावर ठोकू?

---

कुंपणावरचा | ६:५५

दुसरी ताडपत्री. या वेळी दोरीने बांधा.

---

वेंधळी | ७:०२

बापरे, कुणाला लागलं नाही ना? आणि ज्या खिडक्या शाबूत आहेत त्यांना आतून टेपची फुली मारून ठेवा. आमच्याकडे वादळाआधी नेहमी मारतो.

---

काचघर | ७:२०

वेंधळी, फुलीबद्दल खाली लिहितो, आधी धागाकर्त्याचं.

रात्रपाळी, ठोकाठोकीच्या आधी चौकटीत उरलेली काच काढा. टफन्ड असेल तर बहुतेक खाली आलीच असेल, लुडोच्या फाशाएवढे खडे होऊन. ही काच ६०० अंशांच्या वर तापवून झोताने झटकन थंड करतात. त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली आणि पोट ताणाखाली राहतं. साध्या काचेच्या चार-पाच पट ताकद येते ती यामुळेच, आणि एकदा तडा गेला की अख्खी काच एकदम फुटते तीही यामुळेच. टफन्ड झाल्यावर ती कापता येत नाही, आधी मापात कापून मग भट्टीत घालावी लागते. तेव्हा तुमचा काचवाला आठ-दहा दिवस म्हणतोय ते उगाच नाही.

खडे बोथट दिसतात म्हणून हाताने उचलू नका. पाच-पाच, दहा-दहा खड्यांचे चिकटलेले गड्डे असतात, त्यांच्या कडा कापतात. स्लायडिंगच्या खाचेत सगळ्यात जास्त बसतात.

साधी काच असती तर सांगणं वेगळं. तिच्या सुऱ्या होतात आणि त्या चौकटीच्या वरच्या भागात लटकून राहतात. तेव्हा वरून खाली यायचं, कायम. खालचे तुकडे आधी काढायला वाकलात की वरचा मानेवर. ५ मिमीची काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते, म्हणजे तुमच्या एका तावदानात दहा किलो. जाड चामडी हातमोजे, बंद बूट, डोळ्यांना गॉगल. रबरी मोजे काचेपुढे कागदच.

झाडून झालं की खोलीत अंधार करून टॉर्च फरशीला टेकवून आडवा फिरवा. उभ्या उजेडात न दिसणारा कण आडव्या उजेडात चमकतो. तो ओल्या कापसाने टिपायचा. मुलगी लहान आहे म्हणून हे मुद्दाम लिहिलं. तुकडे पुठ्ठ्याच्या खोक्यात भरा, बंद करा, वर मोठ्या अक्षरात 'काच' लिहा. कचरा उचलणाऱ्यालाही हातच असतात.

आता फुली. काच फुटू नये हे टेपचं काम कधीच नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये लोकांनी खिडक्यांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या त्या बाँबच्या धक्क्याने फुटलेले तुकडे खोलीभर उडू नयेत म्हणून. वादळात उडत आलेल्या पत्र्याला टेपचं काय? उलट टेपने जोडलेले मोठे, जड तुकडे एकसंध आत येतात. फुली मारण्यातला अर्धा तास खिडकीसमोरचं सामान हलवण्यात घालवा.

---

वेंधळी | ७:३१

वीस वर्षं फुल्या मारतेय. 😐

---

सुतारपक्षी | ७:४८

ताडपत्री उडाली ते बरंच झालं, नाहीतर तुम्ही तिच्यावर विसंबून राहिला असता. तासा-दोन तासांच्या पावसाला ती ठीक. आठ दिवसांना आणि चोराला प्लायच लागतो.

प्रश्न प्लाय कुठला हा नाही, स्क्रू कशात जाणार हा आहे. लोक तो खिडकीच्या चौकटीत मारतात. तुमची अ‍ॅल्युमिनियमची चौकट आधीच वाकलेली, तिचा पत्रा दीड मिमीचाही नसेल, त्यात स्क्रूचे दोन आटे जेमतेम बसतात. चौकट विसरा. भिंतीत जा, बाहेरून.

नशिबाने तुमचं माप चांगलं आहे. प्लायचा शीट ८ बाय ४ फूट. आडवा धरा. खिडकीची उंची ४२ इंच, शीटची ४८, म्हणजे वर-खाली तीन-तीन इंच भिंतीवर येतात. लांबी साडेपाच फुटांवर कापा, की दोन्ही बाजूंनाही तीन-तीन इंच. प्लायच्या कडेपासून एक इंच आत भोक पाडायचं, म्हणजे ते खिडकीच्या कडेपासून दोन इंच लांब पडतं. हे दोन इंच महत्त्वाचे. त्याहून जवळ गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारी प्लॅस्टिकची नळी) ठोकलीत की विटेचा कोपरा उडतो आणि मग तिथे काहीच टिकत नाही.

प्लाय चार सुती, म्हणजे १२ मिमी. त्याहून पातळ घेऊ नका. वारा फारच असेल तर सहा सुती बरा, पण तो उचलायला माणूस लागतो. पार्टिकल बोर्ड, एमडीएफ मुळीच नको, पाणी पिऊन भाकड होतात.

स्क्रू तीन इंची. हिशोब असा: प्लायचे १२ मिमी, प्लास्टरचे १५ ते २०, उरले साधारण ४५ ते विटेत. प्लास्टर धरतच नाही, त्यामुळे गिट्टी प्लास्टरच्या पार आत, विटेपर्यंत ढकलायची. गिट्टी प्लास्टरशी बरोबरीत ठेवून काम उरकलं की दिसायला छान, आणि पहिल्या झटक्याला गिट्टीसकट स्क्रू हातात. साधारण फुटाफुटावर एक. वर सहा, खाली सहा, दोन्ही बाजूंना मधले तीन-तीन: अठरा. प्रत्येकाखाली रुंद वायसर, नाहीतर स्क्रू भिंतीत राहतो आणि प्लाय त्याच्या डोक्यावरून निघून जातो.

भोक पाडताना भुग्याकडे लक्ष. लाल आला तर वीट. करडा, वाळूसारखा आला आणि बिट भसकन आत गेला तर दोन विटांमधला सांधा, तिथे गिट्टी ठोकू नका, इंचभर सरका. करडाच पण बिट पुढे जाईना, तर काँक्रीट.

खिळे नकोत. खिळा दाबाला चालतो, ओढीला सुटतो.

आणि वारा चालू असताना हे करायचं नाही. तो तुकडा पंधरा-सोळा किलोचा आहे पण वाऱ्यात तो पतंग होतो. आज दुपारी उघडीप मिळाली तर दोघांनी मिळून.

दाराचं संध्याकाळी लिहिते, कामावर निघाले.

---

शंकासुर | ८:१५

सुतारपक्षी दादा, अठरा स्क्रू जरा जास्त होत नाहीत का? वारा तर प्लायला भिंतीवरच दाबणार. चार कोपऱ्यांत चार पुरेत. पाऊसच तर अडवायचाय.

---

एकक | ८:४०

शंकासुर, वारा कुठल्या बाजूने आहे त्यावर ठरतं. समोरून असेल तर दाबतो, तेव्हा भिंतच भार घेते. पण घराच्या आडोशाच्या बाजूला आणि वाऱ्याला समांतर असलेल्या भिंतींवर वारा ओढतो. प्लाय बाहेर खेचला जातो आणि सगळा भार स्क्रूंवर. वादळात वारा दिशाही बदलतो.

आकडे हवे असतील तर: वाऱ्याचा दाब पास्कलमध्ये = ०.६१३ × वेगाचा वर्ग, वेग मीटर प्रति सेकंदात. ताशी ७२ किमी म्हणजे सेकंदाला २० मीटर, दाब २४५ पास्कल, चौरस मीटरला २५ किलो. ताशी १४४ ला वेग दुप्पट, दाब चौपट, चौरस मीटरला १०० किलो. हा तुकडा दोन चौरस मीटरचा आहे. म्हणजे २०० किलो. चार स्क्रूंवर वाटले तर एकेकाला ५०, अठरांवर ११. त्यात दोन गिट्ट्या सांध्यात बसलेल्या निघाल्या तरी अठरातले सोळा उरतात, चारातले दोन.

खिडकी फुटल्यावर मागचं दार का उघडलं त्याचंही उत्तर यातच आहे. वाऱ्याच्या तोंडावरची खिडकी गेली की घर फुग्यासारखं आतून फुगतं. आतला दाब दार बाहेर ढकलतो, पलीकडून बाहेरचा वारा ओढतो. तुमच्याकडे दार गेलं. हलक्या छपराच्या घरात छप्पर जातं. १९९२ साली फ्लोरिडात अँड्र्यू वादळानंतर तिथले बांधकामाचे नियम बदलले त्यात हाच मुद्दा होता, वादळात दारंखिडक्या बंद राहिल्या पाहिजेत. तिथे झडपांची आणि काचांची परीक्षाही घेतात: चार किलोचा लाकडी वासा सेकंदाला १५ मीटर वेगाने तोफेतून त्यांच्यावर मारतात.

---

सुतारपक्षी | ९:०५

(बसमधून) एकक, आकड्यांबद्दल आभार. मी बापाकडून 'फुटाफुटावर एक' एवढंच शिकले होते.

शंकासुर, दादा नाही, ताई म्हणा. 🙂

---

शंकासुर | ९:१०

दंडवत ताई. अठरा तर अठरा.

---

पाहणीवाला | ९:३०

विम्याच्या पाहणीचं काम करतो म्हणून घाईने लिहितोय. गादी हलवण्याआधी फोटो काढा! आतून, बाहेरून, लांबून पूर्ण भिंत दिसेल असे आणि जवळून मोजपट्टी ठेवून. तो उडत आलेला पत्रा टाकू नका, खिडकीजवळ पडलेला असताना त्याचाही फोटो. काचेचे दोन-चार तुकडे पिशवीत ठेवा, जाडी आणि प्रकार त्यावरून कळतो. फाटलेल्या कोयंड्याचे तर तीन बाजूंनी.

विमा असेल तर आजच कळवा. लोकांचा एक गैरसमज असतो की पाहणी होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. कायमची दुरुस्ती थांबवा, तात्पुरता बंदोबस्त थांबवू नका. उघड्या खिडकीतून आठ दिवस पाऊस येऊ दिला आणि फर्निचर कुजलं, तर ते नुकसान तुमच्या निष्काळजीपणात मोजलं जाण्याचीच शक्यता जास्त. प्लाय, स्क्रू, मजुरी, सगळ्याच्या पावत्या जपा.

वाचणाऱ्या इतरांसाठी: दार चोरीत फोडलं गेलं असेल तर क्रम उलटा. आधी पोलीस, त्यांचं बघून झाल्यावर झाडू.

---

बंबवाले काका | १०:२०

अग्निशमन दलात हयात गेली. दारंखिडक्या बाहेरून फोडत आलो, त्यामुळे ठोकण्याबद्दल वेगळं बोलतो.

रात्रपाळी, मागचं दार ठोकून बंद करायचा विचार मनात आला असेल. येतोच. करू नका. हॉलची खिडकी प्लायने गेली, मागचं दारही गेलं, म्हणजे घराला बाहेर पडायला एकच वाट. आग स्वयंपाकघरात लागते की पुढच्या दाराशी, हे ती आपल्याला विचारून ठरवत नाही. वादळात वीज गेलेली, घरात मेणबत्त्या, म्हणजे आगीची शक्यता नेहमीपेक्षा जास्त आणि वाटा नेहमीपेक्षा कमी.

ज्या खोलीत आई आणि मुलगी झोपतात तिथली खिडकी शाबूत असेल तर तशीच राहू द्या, काळजीपोटी तिला प्लाय मारू नका. मारलाच तर आतून उघडेल असा. रात्री घरातल्या सगळ्यांना एकदा चालवून दाखवा: इथून असं बाहेर. सहा वर्षांच्या मुलीलाही. मुलं मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

जनरेटर लावणार असाल तर बाहेर, दारंखिडक्यांपासून चांगला लांब. आधीच सगळं ठोकून बंद केलेल्या घराशेजारी जनरेटर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आत, आणि त्याला वास नसतो. माणसं झोपेत गेलेली पाहिली आहेत. शेगडीची धगही बंद खोलीत नको.

आणखी एक. खिडकीखाली विजेचा बोर्ड असेल आणि पाणी आत आलं असेल तर त्या भागाचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) पाडून ठेवा. भिंतीत बोर्डापासून सरळ वर-खाली-आडव्या जाणाऱ्या रेषेत वायरी असतात, त्या रेषेवर भोकं पाडू नका.

---

रात्रपाळी | १०:४५

काका, खरं सांगायचं तर मागच्या दारावर दोन फळ्या आडव्या ठोकून मोकळा होणार होतो. खिळे काढूनही ठेवले होते.

फोटो काढले. बोर्ड खिडकीच्या उजवीकडे दीड फुटावर आहे, एमसीबी पाडला. प्लाय आणायला निघालो.

---

कुंपणावरचा | ११:१५

एवढी ड्रिलबाजी ज्यांना जमत नाही त्यांचं काय? भाड्याच्या घरात भिंतीला अठरा भोकं पाडली तर मालक मलाच ठोकेल.

---

काचघर | ११:५०

भिंतीला एकही भोक न पाडता होतं. बाहेरून प्लाय, आतून दोन जाड लाकडी दांडे आडवे, खिडकीच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना सहा-आठ इंच लांब. प्लाय आणि दांडा यांच्या आरपार लांब बोल्ट घालून आतून नट आवळायचे. भिंत मधे सापडते, सँडविचसारखी. बोल्ट घुमटी डोक्याचे घ्या, डोक्याखाली चौकोनी मान असते ते. मान लाकडात रुतते, बाहेरून पान्याने फिरवताच येत नाहीत. अमेरिकेत रिकामी पडलेली घरं याच पद्धतीने बंद करतात.

अट एकच: आतला रस्ता मोकळा हवा. स्लायडिंगची उरलेली तावदानं काढून ठेवावी लागतात. आणि नट आतून असल्यामुळे काकांचं म्हणणंही पाळलं जातं, पान्याने दोन मिनिटांत खिडकी मोकळी. पाना तिथेच टांगून ठेवा, हत्यारांच्या पेटीत नको.

ग्रिल असेल तर आणखी सोपं. ग्रिलच्या गजाला यू-बोल्ट अडकवून बाहेरचा प्लाय आवळायचा.

---

शंकासुर | १२:३०

प्लायने खोलीत दिवसाढवळ्या अंधार होणार त्याचं काय? पारदर्शक पॉलीकार्बोनेट का लावू नये?

---

काचघर | १२:४५

जरूर लावा, मिळालं तर. वजन काचेच्या निम्मं, हातोड्याने फुटत नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्याने तर कर्ज थकून जप्तीत निघालेल्या रिकाम्या घरांना प्लाय मारायला मनाई करणारा कायदा केला, पर्याय म्हणून पुढे आलं ते हेच पारदर्शक शीट. प्लाय मारलेलं घर लांबून ओळखू येतं, 'इथे कुणी राहत नाही' अशी पाटीच ती.

फक्त स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा दोन-तीन मिमी मोठं पाडा. ते उन्हात फुलतं. ३० अंशांच्या फरकाला मीटरमागे दोन मिमी. भोक घट्ट ठेवलंत तर स्क्रूभोवती तडे जातात. आणि पातळ असेल तर वाऱ्यात लवलवतं, मधे आडवी पट्टी द्यावी लागते. वादळाच्या सकाळी मात्र हाताशी जे असतं ते प्लायच असतं.

---

सुतारपक्षी | संध्याकाळी ६:१०

आले. दाराचं.

काका बरोबर बोलले, दार चालतं राहिलं पाहिजे. तुमचं दार शाबूत आहे, कडी शाबूत आहे, गेलीय ती चौकट. बहुतेक वेळा असंच होतं. माणसं महागडं कुलूप घेतात आणि ते ज्या कोयंड्यात अडकतं तो पाऊण इंची दोन स्क्रूंवर उभा असतो. लाथ असो की वारा, लाकूड रेषेरेषेने फाटतं.

ढलपी फेकली असाल तर शोधा. तिच्याइतकं चपखल दुसरं काही त्या जागी बसणार नाही. लाकूड कोरडं करा, फटीत लाकडाचा डिंक भरा, ढलपी बसवा, रात्रभर शिकंजा आवळून ठेवा. शिकंजा नसेल तर दोरीचा वेढा घालून त्यात पाचर ठोका. सकाळी कोयंडा जुन्या जागी लावू नका, चार-पाच इंच वर, न फाटलेल्या लाकडात लावा. कडीही तेवढीच वर सरकवायची. आणि स्क्रू तीन इंची, चौकट ओलांडून भिंतीत जाणारे. हे काम काचवाला येऊन गेल्यावरही काढू नका, आधी होतं त्यापेक्षा बरं आहे.

आजची रात्र: अडसर. हल्ली हा शब्द आपण फक्त कामात येणाऱ्या अडथळ्यासाठी वापरतो, पण मूळचा तो दाराला आतून आडवा लावायचा दांडा. त्याचाच भाऊ आगळ. तुमचं दार बाहेर उघडतं, त्यामुळे नुसता दांडा टेकवून भागणार नाही. दोन इंची जाड दांडा घ्या, दाराच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे सहा इंच लांब. तो आतून भिंतीवर आडवा येईल. दाराच्या फळीला मधोमध एक मजबूत हँडल आरपार बोल्टने लावा आणि दांडा त्या हँडलमधून ओवा. दार बाहेर जायला निघालं की दांडा दोन्ही भिंतींवर अडतो. स्क्रू नाही, गिट्टी नाही. बाहेर पडायचं तर दांडा आडवा सरकवला की झालं, मुलीलाही जमेल इतका सैल ठेवा.

ज्यांचं दार आत उघडतं त्यांनी दांडा भिंतीतल्या दोन कंसांत बसवायचा.

ज्यांच्या दाराची फळीच फुटलीय त्यांनी भगदाडावर दोन्ही बाजूंनी प्लायचे तुकडे लावून आरपार बोल्ट मारावेत. रात्रपाळींकडे शीटमधून अडीच बाय चार फुटांचा तुकडा उरणारच आहे, तो फेकू नका.

---

रात्रपाळी | रात्री ९:३०

लागला! दुपारी दोन तास उघडीप मिळाली. शेजारचे काका आणि मी.

वाट लागली ती वरच्या ओळीत. बाजूच्या भोकांना लाल भुगा येत होता, वर करडा आणि बिट जागचा हलेना. दहा मिनिटं जोर लावला, बिटचं टोक निळं पडलं. मग शेजारच्या काकांनी विचारलं, 'हातोडीचं चित्र आहे तिकडे बटण फिरवलंस का?' नव्हतं फिरवलं. माझ्या 'वापरता येतं' या समजाची ही कहाणी.

बाजूला दोन ठिकाणी बिट भसकन आत गेला, जरा सरकवलं. अडसरही बसवला. आई म्हणाली, 'हे आधीपासूनच का नव्हतं?'

एक अडचण आहे. प्लाय आणि भिंत यांच्या मधून वरून पाणी झिरपतंय. खिडकीच्या कट्ट्यावर ओघळ आलाय.

---

सुतारपक्षी | ९:४५

वरच्या ओळीला वीट नाही, काँक्रीटचा लिंटेल (खिडकीवरची आडवी तुळई) असतो. ते सकाळी लिहायला हवं होतं, चुकले.

पाणी: भिंत खडबडीत आहे, फट राहणारच. वरची कड आणि दोन्ही बाजू सिलिकॉनने भरा. खालची कड मुद्दाम उघडी ठेवा. लोक चारी बाजू बुजवतात, मग आत गेलेलं पाणी अडकतं आणि प्लाय खालून कुजायला लागतो. आत्ता ओल्यात सिलिकॉन चिकटणार नाही. रात्रीपुरतं: वरच्या ओळीचे स्क्रू दोन-दोन आटे सैल करा, जाड प्लॅस्टिकची पट्टी प्लायच्या वरच्या कडेमागे खोचा, स्क्रू आवळा, उरलेली पट्टी प्लायवरून पुढे सोडा. पागोळ्यांसारखं पाणी पुढून जाईल. आणि कापलेल्या कडांना जो असेल तो ऑइलपेंट फासा, प्लाय पाणी पितो तो कडेनेच.

---

वेंधळी | ९:५०

वाचनखूण साठवली. नवऱ्याला 'तीन इंची स्क्रू आणि गिट्ट्या' एवढाच निरोप पाठवलाय, त्याला वाटतंय भिंतीवर फोटो लावायचेत.

---

कुंपणावरचा | ९:५८

माझी ताडपत्रीची सूचना मी सन्मानाने मागे घेतो.

---

रात्रपाळी | अकरा दिवसांनी, रात्री ८:०५

धागा वर काढतोय. आज काच बसली. मधल्या काळात एक रात्र पुन्हा जोराचा वारा होता. प्लाय घुमत होता, ढोलकीसारखा, पण हलला नाही. पट्टीची युक्ती चालली, नंतर कोरड्या दिवशी सिलिकॉन भरलं. विम्याची पाहणी झाली, पाहणीवाल्यांनी लिहिलेले तेच फोटो मागितले.

काढताना अठरातल्या दोन गिट्ट्या स्क्रूबरोबर बाहेर आल्या. दोन्ही डाव्या बाजूच्या, मी सांध्यातून जेमतेम अर्धा इंच सरकलो होतो तिथल्या. एकक यांचा हिशोब डोळ्यांसमोर आला.

आता भिंतीत सोळा गिट्ट्या आणि दोन खड्डे. सगळं उकरून पुट्टी भरू का?

---

सुतारपक्षी | ८:२०

दोन खड्डे भरा. सोळा गिट्ट्यांना हात लावू नका. आखूड स्क्रूला ग्रीस लावून प्रत्येकीत एक अर्धवट बसवून ठेवा, पाणी आणि माती जाणार नाही. डाव्या बाजूला नवी दोन भोकं नीट विटेत पाडा, आत्ताच, कोरड्यात. प्लायवर मोठ्या अक्षरात 'हॉल, बाहेरून' लिहा, वरच्या कडेला 'वर' लिहा आणि बाण काढा. चार कडा पुन्हा रंगवून कपाटामागे उभा ठेवा. स्क्रू आणि वायसर पिशवीत भरून त्याच प्लायला टेपने चिकटवा.

---

वेंधळी | ८:२४

म्हणजे टेपचा उपयोग आहे तर.

---

काचघर | ८:२६

आहे, आहे. 😀